सात सूर सगळ्यांचेच, मग नवी चाल येते कुठून?

एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ए. आर. रहमान यांच्या एका गाण्याबद्दल अंतरिम आदेश दिला आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर रातोरात संगीताचे जाणकार उगवले. धृपद गायक उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांचं म्हणणं असं, की २०२३ च्या एका तमिळ चित्रपटातलं ते गाणं त्यांच्या वडिलांनी आणि काकांनी बांधलेल्या शिवस्तुतीवरून उचललेलं आहे. दोन्ही रचना अडाणा रागातल्या. न्यायालयानं प्रथमदर्शनी त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि दोन कोटी रुपये जमा करायला सांगितले. सप्टेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठानं तो आदेश रद्द केला. एखादी रचना डागर बंधूंनी गायली, एवढ्यावरून ती त्यांनीच बांधली असं धरून चालता येणार नाही, असं त्या पीठाचं मत पडलं.

कायद्याचा कीस वकील पाडतील. आपल्यासारख्यांना पडलेला प्रश्न साधा आहे. राग शेकडो वर्षांचा, ताल तेवढाच जुना, सूर मोजून सात. मग त्यात ‘नवीन’ काय असतं? आणि ते कुणाच्या डोक्यात येतं तरी कसं? त्यात आता मोबाइलवर चार ओळी टाकल्या की मिनिटभरात गाणं हातात देणारी एआयची ॲप्स आली आहेत. मंडळाच्या गणपतीचं गाणं, मुलीच्या वाढदिवसाचं गाणं, निवडणुकीत उमेदवाराचं गाणं, सगळं तयार. पेटीवर तास न् तास बसणारा माणूस मग नेमकं काय करत असतो?

कोल्हापूरकरांना या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. गाण्याच्या बैठकांचा देवल क्लब १८८३ पासूनचा. उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथंच सुरू झाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथला, आणि सुधीर फडके १९१९ मध्ये जन्मले तेही याच गावात. नवी चाल बांधणारी माणसं या गावानं पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत. त्यांच्या कामाकडे जरा जवळून बघितलं, की माझ्या मते एक गोष्ट दिसते: चाल ‘सुचण्या’ला आपण फारच भाव देतो. सुचतं पुष्कळांना. त्यातलं काय टाकायचं आणि उरलेलं कसं वाढवायचं, इथं संगीतकार वेगळा होतो.

पुढं जाण्याआधी चार शब्द. ‘मीटर’ म्हणजे ओळीतल्या लघु-गुरू अक्षरांचं माप. लघुला एक मात्रा, गुरूला दोन. ‘सम’ म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथं ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. ‘मुखडा’ ही गाण्याची परत परत येणारी पहिली ओळ, आणि ‘अंतरा’ म्हणजे मधलं कडवं. एवढ्यावर काम भागेल.

आधी साठा, मग सुचणं

खासबाग मैदानात कुस्ती बघताना पैलवान ढाक हा डाव कधी लावतो ते नीट बघा. समोरच्याचा पाय वीतभर पुढं येतो, तोल जरा ढळतो आणि डाव लागलेला असतो. विचार करायला तिथं वेळच नसतो. पण तालमीत जोडीदाराबरोबर तोच डाव इतक्या वेळा घोटलेला असतो, की अंग आपसूक तिकडं वळतं. गॅलरीतल्या माणसाला वाटतं, काय सुचलंय गड्याला! संगीतकाराचं सुचणं याच जातीचं आहे. कानात भरलेला माल आणि समोर आलेली वेळ, दोन्ही जुळलं की चाल बाहेर पडते.

गोविंदराव टेंबे यांचं उदाहरण घ्या. १९११ मध्ये ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं, त्याच्या चाली त्यांच्या. त्याआधीच्या संगीत नाटकांत साकी, दिंडी अशा जुन्या छंदांच्या, कीर्तनातल्या आणि कर्नाटकी वळणाच्या चालींचा भरणा असे. टेंबे पेटीवाले. बड्या गवयांच्या बैठका त्यांनी जवळून ऐकलेल्या आणि उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा पूरब ढंग कानात मुरलेला. तो ढंग त्यांनी मराठी पदांना दिला आणि नाट्यसंगीताची चव बदलून गेली. यातला एकही सूर त्यांनी शोधून काढलेला नव्हता. बनारसकडची लकब मराठी शब्दांत नांदू शकते, हे त्यांच्या कानाला आधी कळलं, नवं म्हणायचं तर ते हे. पुढं १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ला, म्हणजे पहिल्या मराठी बोलपटाला, संगीतही त्यांनीच दिलं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली.

म्हणून ‘प्रेरणा कुठून मिळते’ असं विचारलं, की संगीतकार बऱ्याचदा गुळमुळीत उत्तर देतात. निसर्गातून, लोकांतून, देवाच्या कृपेनं. ते टाळाटाळ करत नसतात. वीस वर्षांपूर्वी जोतिबाच्या यात्रेत ऐकलेला ढोलाचा ठेका आज हाताखाली आला, हे त्यांनाही ठाऊक नसतं.

पहिला तुकडा कशातून निघतो?

कशातूनही. कधी शब्दांतून: कवीची ओळ वाचतानाच तिच्यात एक चढउतार ऐकू येतो. कधी ठेक्यातून. लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावानं भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिलं. त्यातल्या १९६५ च्या ‘साधी माणसं’मधलं ऐरणीला देव मानणारं गाणं ऐका. लोहारकामाची लय त्या चालीच्या अंगातच आहे. कधी बोट चुकून भलत्या पट्टीवर पडतं आणि चुकीचा सूरच बरा वाटतो. रस्त्यावर हलगी-घुमकं चाललेलं असतं आणि त्यातली एक तिरकी थाप घरापर्यंत डोक्यात राहते.

पण चालीचा सगळ्यात मोठा पुरवठादार कोण म्हणाल, तर मुदत. हे सांगताना जरा वाईट वाटतं, कारण तळ्याकाठी एकटा बसलेला कलावंत हे चित्र आपल्याला फार आवडतं. गीतरामायण पाहा. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आणि आठवड्याला एक नवं गाणं. अशी ५६ गाणी झाली. मूड यायची वाट बघायला सवड कुठली? शब्द हातात पडायचे, चाल लावायची, गायक-वादकांकडून बसवून घ्यायची, आणि ठरल्या वेळी ते घरोघरच्या रेडिओवर लागायचं. पुढच्या आठवड्याला दुसरा प्रसंग, दुसरं पात्र, दुसरा रस. त्या घाईतून जे निघालं ते लोक आजही गातात.

मुदत असली की माणूस पहिल्या बऱ्या तुकड्याला धरून पुढं जातो. नसली की सगळं अर्धवट राहतं. घरोघरी कवितांच्या वह्या का अपुऱ्या असतात, याचंही कारण हेच असावं.

एक ओळ घेऊन बघू

आता जरा हात काळे करू. आपल्याकडच्या पावसाळ्यातली एक ओळ घेऊ: ‘पंचगंगेला पूर आला गं’. ओळ साधीच आहे, मुद्दाम.

आधी मीटर. पं दोन, च एक, गं दोन, गे दोन, ला दोन, झाल्या नऊ. पू दोन, र एक, बारा. आ दोन, ला दोन, गं दोन, एकूण अठरा. दादरा हा सहा मात्रांचा ताल, तीन-तीनच्या दोन भागांचा. अठराला सहानं भागलं की तीन आवर्तनं, म्हणजे तालाचे तीन पूर्ण फेरे, बाकी शून्य. झालं काम, असं वाटतं.

पण समेपासून ओळ उचलली की ‘पंचगं’मध्ये पाच मात्रा जातात, ‘गे’ सहाव्या मात्रेवर सुरू होऊन पुढच्या आवर्तनात सांडतं आणि सम बरोबर ‘गे’च्या मधोमध येते. गाऊन बघा, धड चालता येत नाही. मग ओळ समेपासून न उचलता चौथ्या मात्रेपासून उचला. आता ‘गंगे’मधला ‘गं’ समेवर येतो आणि पुढची सम नेमकी ‘पूर’च्या ‘पू’वर पडते. बातमी पुराची आहे, तेव्हा वजन तिथंच हवं. राहिलं ‘आला’. तिथला ‘ला’ पुन्हा समेवरून घसरतोय. म्हणून ‘आ’ एका मात्रेनं लांबवा आणि शेवटच्या ‘गं’ची एक मात्रा कापा. आता ‘ला’ समेवर, ‘गं’ तिसऱ्या मात्रेवर आणि चौथ्या मात्रेपासून ओळ पुन्हा सुरू. गोल फिरत राहते. फक्त गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरली नाही! म्हणून मधे एक आवर्तन मोकळं सोडायचं, तिथं ढोलकीला चार बोल वाजवू द्यायचे.

बघा, अजून एकही सूर लावलेला नाही आणि चालीची निम्मी हाडं तयार झाली. भजनी मंडळातला मुरलेला पेटीवाला चाल लावायच्या आधी ओळ नुसती टाळीवर म्हणून घेतो ते याचसाठी.

आता सूर. पेटीवर पांढरी एकला सा धरा आणि भूप रागाचे पाचच सूर घ्या: सा, रे, ग, प, ध. पांढरी एक, दोन, तीन, पाच, सहा. ओळीच्या दहा अक्षरांना क्रमानं हे सूर द्या: सा रे ग ग रे, प ध, प ग सा. ऐकायला प्रसन्न. शाळेला सुट्टी मिळाली म्हणून पोरं नाचत सांगताहेत असं वाटतं.

आता फक्त ग बदला. पांढरी तीन सोडून तिच्या डावीकडची काळी दोन, म्हणजे कोमल ग. बाकी सूर, ठेका, अक्षरं सगळं तेच ठेवा. एका पट्टीनं हवा फिरते. हे सूर आता शिवरंजनीचे झाले आणि तीच ओळ नदीकाठच्या घरातली म्हातारी सांगते आहे असं वाटायला लागतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना पुराची इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. पोरांचं गाणं ३९ च्या आतलं म्हणा, म्हातारीचं ४३ च्या पुढचं.

शेवटच्या ‘गं’वर आणखी एक प्रयोग. सा वर थांबलात तर वाक्य संपल्यासारखं वाटतं. रे वर थांबलात तर ऐकणारा विचारतो, बरं, मग? मुखडा रे वर सोडणारा संगीतकार पुढं काहीतरी येणार आहे असं कबूल करत असतो.

आणि टाकून देण्याचं काम इथंच सुरू होतं. ‘पूर’वर सूर चढवणं, कारण पाणी चढतं, हा पहिला विचार आहे. तो तुम्हालाही आला असेल, मलाही आला. म्हणजेच तो बाजूला ठेवायच्या लायकीचा. उलट करून बघा: ‘पूर’ खालच्या ध वर न्या, जड, दबका. पाणी उंबऱ्याशी आलं की माणूस ओरडत नाही, हळू बोलतो. कुठली चाल ठेवायची हे कोण बोलतंय त्यावर ठरेल. पण दोन्ही गाऊन पाहिल्याशिवाय ते कळणार नाही, आणि ‘टाकलेली’ चाल वाया जात नाही. ती साठ्यात जाते.

बंधनं घातली तर कल्पना मरत नाही का?

हा आक्षेप हमखास येतो. राग, ताल, मीटर, घराणं, एवढ्या कुंपणांत मोकळेपणा कुठला?

जरा हिशेब करू. सप्तकात कोमल-तीव्र धरून १२ सूर. लय सोडून द्या; फक्त आठ सुरांची एक ओळ किती तऱ्हांनी होईल? ४२ कोटी ९९ लाख ८१ हजार ६९६. सूर पाचच घ्यायचे ठरवलं, तर ३ लाख ९० हजार ६२५. राग निवडला त्या क्षणी बेचाळीस कोटींवरून आपण चार लाखांच्या आत आलो. तरीही चार लाख! कुंपणानं मोकळेपणा गेला नाही, फक्त भटकणं कमी झालं.

आणि राग म्हणजे नुसती सुरांची यादी नव्हे. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत तेच पाच सूर. भूपात ग वर मुक्काम, देसकारात ध वर. एक संध्याकाळचा मानतात, दुसरा सकाळचा. ऐकणाऱ्याला दोघं सख्खे भाऊसुद्धा वाटत नाहीत. कुठला सूर धरून ठेवायचा, कुठल्या सुराला नुसता हात लावून जायचं, कुठून वळायचं, यातून ओळख ठरते. कोर्टातल्या भांडणाचं मूळही इथंच आहे: सूर आणि राग कुणाचेच नसतात, पण त्यातली एक ठरावीक बांधणी एखाद्याची असू शकते.

बंधन कधी नशिबानंही येतं. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत बसला. अतोनात गाण्यानं तो गेला असं सांगतात. परत आला तो पूर्वीसारखा राहिलेला नव्हता. मग आहे त्या गळ्याला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी नव्यानं घडवली: लयीशी घट्ट बांधलेली, एकातून एक निघणाऱ्या पेचदार तानांची. तिलाच आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणतात. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्याच शिष्या. खाँसाहेब ‘अहमद पिया’ या नावानं बंदिशीही बांधत. जोडरागांवर त्यांचा विशेष जीव. दोन राग एकत्र करायचे, उदाहरणार्थ बसंती केदार. नुसते एकापाठोपाठ एक गायले तर ते दोन रागच राहतात. एका रागातून दुसऱ्यात जायचा दरवाजा कुठल्या सुरावर आहे ते शोधावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला उंबरा ओलांडलेला कळू नये, इतकं ते सफाईनं करावं लागतं.

मुखडा जमला, पुढं काय?

नवखे इथंच अडकतात. मुखडे दहा तयार असतात, गाणं एकही नाही.

तुकडा वाढवायचे मार्ग तीनच: तोच परत म्हणा, थोडा बदलून म्हणा, किंवा अगदी वेगळं काहीतरी म्हणा. सगळं कौशल्य या तिन्हींच्या प्रमाणात आहे. तोच तोच आला तर कंटाळा, सारखं नवं आलं तर कान बावरतो. जर्मन संगीतकार बीथोव्हेनची पाचवी सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, हे याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण. तिची सुरुवात चार सुरांची: तीन आखूड, एक लांब. बस्स. पहिला भाग बहुतेक सगळा या चार ठोक्यांतून उभा राहतो. कधी वर, कधी खाली, कधी मोठ्यानं, कधी वाद्यांच्या तळाशी दबून. त्याच्या खर्ड्याच्या वह्या टिकून आहेत. १८०४ च्या सुमारास या सिंफनीची टिपणं सुरू झाली आणि पहिला प्रयोग व्हिएन्नात डिसेंबर १८०८ मध्ये झाला. वह्यांत खाडाखोडच खाडाखोड.

आपल्या गाण्यात हेच काम अंतरा करतो. मुखडा मधल्या सप्तकात खालच्या अंगाला फिरला असेल, तर अंतरा उचलून वरच्या सा कडे जातो. पण वर जाणं सोपं, परत येणं अवघड. अंतऱ्याची शेवटची ओळ अशी हवी, की तिच्या टोकाशी मुखड्याचा पहिला सूर आपोआप हाताला लागावा. सिनेमातली मंडळी तिला क्रॉस लाइन म्हणतात. एखादं गाणं ऐकताना अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना अंगावर शहारा आला, तर समजा की या एका ओळीवर कुणीतरी रात्र जागवलेली आहे. आणि तिथं धक्का बसल्यासारखं वाटलं, तर मुखडा आणि अंतरा वेगवेगळ्या दिवशी झालेत आणि सांधा मारायचा राहून गेलाय.

बंदिशीचं थोडं निराळं. तिथं रचनाकार फक्त स्थायी, म्हणजे पहिला भाग, आणि अंतरा देतो, दोन-चार ओळींचा ऐवज. पुढचा तासभराचा विस्तार गाणारा समोर बसून करतो. म्हणून चांगली बंदीश म्हणजे रागाचा नकाशा: समेवर कुठला सूर येतो एवढ्यावरूनच जाणकार राग ओळखतात.

चाल झाल्यावर तिला वाद्यांचे कपडे चढवणं हा निराळा धंदा, तो संगीत संयोजकाचा. बासरी कुठं, व्हायोलिन कुठं, अंतऱ्याआधीचा पीस, म्हणजे नुसत्या वाद्यांचा तुकडा, केवढा. बऱ्याचशा गाण्यांत आपण ‘चाल’ म्हणून जे गुणगुणतो त्यात संयोजकाचे दोन पीसही असतात आणि त्याचं नाव मात्र आपल्याला ठाऊक नसतं.

पण थोरांना गाणं अख्खंच्या अख्खं सुचतं म्हणतात, त्याचं काय?

युरोपातला थोर संगीतकार मोझार्ट याच्या नावावर एक पत्र फिरतं: संपूर्ण रचना मला एखाद्या चित्रासारखी एकदम दिसते, मग मी ती फक्त उतरवून काढतो, अशा अर्थाचं. १८१५ मध्ये, म्हणजे मोझार्ट गेल्यावर चोवीस वर्षांनी, ते एका जर्मन नियतकालिकात छापून आलं. अभ्यासक ते बनावट मानतात. मोझार्टचे कच्चे खर्डे उपलब्ध आहेत. १७८५ मध्ये हायडन या संगीतकाराला सहा रचना अर्पण करताना तर त्यानं स्वतःच लिहिलं, की ही दीर्घ आणि कष्टाच्या मेहनतीची फळं आहेत. पण बनावट पत्र जास्त गाजलं. गोष्ट म्हणून ते जास्त रंगतदार, एवढंच.

झोपेत चाल सुचल्याची खरी उदाहरणंही आहेत. बीटल्स या इंग्लिश बँडच्या पॉल मॅकार्टनीला एक चाल झोपेतून उठताना सुचली. तिचं गाणं १९६५ मध्ये निघालं आणि जगभर गाजलं. पण मधे काय झालं ते बघा. शब्द नव्हते, म्हणून त्यानं अंड्याच्या भुर्जीवर कसलेतरी भरतीचे बोल घालून चाल धरून ठेवली. आणि ही आपण कुठंतरी ऐकलेलीच असणार, या धास्तीनं बरेच दिवस ओळखीच्यांना वाजवून दाखवत, कुणाची आहे का ही, असं विचारत फिरला. कुणीच ओळखली नाही, तेव्हा कुठं ती स्वतःची मानली. आपल्याकडे चालीवर गीत लिहून घेण्याची जी रीत आहे, तिच्यात असे भरतीचे बोल रोजच्या कामाचे. त्यांना अर्थ नसतो, माप असतं.

मग ही चोरीच नव्हे का?

पॉलची धास्ती खोटी नव्हती. त्याच बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनवर त्याच्या १९७० च्या एका गाण्यावरून खटला झाला. १९७६ मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की त्यानं जाणूनबुजून नक्कल केली नसेल, पण नकळत, आठवणीतून, दुसऱ्याचीच चाल आली आहे. साठा भरलेला असण्याचा हा तोटा. स्वतःचं म्हणून बाहेर येतं ते कधीकधी उसनं असतं.

आपल्या जुन्या नाटकवाल्यांनी यावर सरळ तोडगा काढला होता. किर्लोस्करांच्या काळातली नाटकाची पुस्तकं उघडा, पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून मूळ गाण्याचे शब्द छापलेले दिसतील. घेतलं आहे, इथून घेतलं आहे, पुढं चला. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. भजनी मंडळं आजही सिनेमाच्या चालीवर अभंग बसवतात आणि ऐकणारे कौतुकानं हसतात.

पैसा आणि श्रेय आलं की मात्र कायदा लागतो. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. टेंबे १९५५ मध्ये गेले. त्यांच्या स्वतःच्या रचनांवरचा हक्क २०१५ अखेर संपला. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ मध्ये गेले. त्यांच्या चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत राहील. तोवर गीतरामायणाच्या चालीवर प्रचारगीत काढायचं असेल, तर आधी परवानगी.

माझं स्वतःचं माप असं: घेतलेल्या तुकड्याचं पुढं काही झालंय का? टेंब्यांनी ठुमरीचा ढंग घेतला आणि त्यातून रंगभूमीचं संगीत बदललं. नुसता मुखडा उचलून खाली नवा ठेका ठोकला, तर त्याला प्रेरणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एआय हेच दोन मिनिटांत करतं की!

करतं, आणि ठीक करतं. त्याची रीत सांगायची तर अशी: लाखो ध्वनिमुद्रणं यंत्राला ऐकवायची, आवाजाचे बारीक तुकडे पाडायचे, आणि अमुक तुकड्यानंतर बहुतेक वेळा कुठला तुकडा येतो हे त्याला शिकवायचं. मग तुमच्या चार शब्दांना साजेसा सगळ्यात संभवनीय आवाज ते पुढं पुढं जोडत नेतं. ही ध्वनिमुद्रणं कुणाच्या परवानगीनं ऐकवली, यावरून युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी जून २०२४ मध्ये अमेरिकेत सुनो आणि युडिओ या एआय-गाण्यांच्या कंपन्यांवर खटले भरले. त्यातले काही २०२५ मध्ये समझोता होऊन मिटले.

साठ्यातून काढणं माणूसही करतो, मग फरक काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. मला फरक दिसतो तो ‘संभवनीय’ या शब्दाशी. ‘पूर’वर सूर चढवणं सगळ्यात संभवनीय होतं. यंत्र तेच आधी करणार, आणि आपण ते टाकून दिलं होतं. ते टाकायला यंत्राला सांगता येतं. पण सांगणाऱ्याला तेवढा कान हवा. दहा पर्यायांतला बरा कुठला हे ज्याला कळतं, त्याच्या हातात ही ॲप्स कामाची आहेत. ज्याला कळत नाही त्याला दहाही छान वाटतात, आणि चौकात सगळ्या मंडळांचे स्पीकर एकच गाणं म्हणताहेत असा भास होतो.

नुसत्या पर्यायांनी काय होतं याचा एक गमतीदार पुरावा आहे. अमेरिकेतल्या डेमियन रील आणि नोआ रुबिन या दोघांनी आठ सूर आणि बारा जागा एवढ्यात बसणाऱ्या सगळ्याच्या सगळ्या चाली संगणकाकडून काढून घेतल्या: सुमारे ६,८७२ कोटी. चालीवरून होणारे खटले थांबावेत म्हणून त्यांनी त्या जगाला खुल्याही करून टाकल्या. त्यातली एक तरी तुम्ही कधी गुणगुणलात का?

स्वतः करून बघायचं असेल तर

नोटेशन येत नाही म्हणून अडू नका. मोबाइलचा रेकॉर्डर पुरतो. संगीतकारांच्या फोनमध्ये गुणगुणण्याच्या अशा फायली पडलेल्याच असतात. फायलीला ओळीचे पहिले दोन शब्द नाव म्हणून द्या, नाहीतर महिन्याभरानं काहीच सापडत नाही.

स्वतःचे शब्द नंतर. आधी एखादी तयार ओवी किंवा अभंग घ्या, मीटर पक्कं मिळतं. ओळ टाळीवर म्हणा आणि समेवर कुठलं अक्षर येतंय ते बघा. नको ते येत असेल तर एक-दोन मात्रा आधी किंवा नंतर उचला. मग पाचच सूर निवडा. तीन वेगवेगळ्या चाली लावल्याशिवाय एकीवरही खूश होऊ नका, आणि तिसरी झाल्यावर पहिली पुन्हा ऐका. बहुतेकदा ती एखाद्या जुन्या गाण्यासारखी निघते. गाणं जाणणाऱ्या शेजाऱ्याला ऐकवून ‘हे कशासारखं वाटतंय?’ असं विचारलं तर तो लगेच सांगेल.

अंतऱ्याशी अडलात तर मुखडा जिथं गेला नाही तिथं जा. तो खाली फिरला असेल तर सरळ वरचा सा गाठा आणि तिथं दोन मात्रा थांबा. उतरायची वाट मुखड्याच्या पहिल्या सुरापासून उलटी मोजत शोधली, तर लवकर सापडते.